गच्चीवरची डिश

सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी मला म्हणाले, "काकू, ती फुकटवाली डिश आपल्या बिल्डिंगला शोभत नाही." या गोष्टीला वर्ष उलटून गेलं, तरी नोटीस बोर्डासमोरून जाताना ते वाक्य आठवतं आणि डोकं तापतं. मी काय मागत होते? गच्चीच्या कठड्यावर हातभर जागा. कशासाठी? तर घरात बसून हॉकी बघायची म्हणून.

माझं माहेर खडकीचं. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात होते, पुढे बदली होऊन अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आले. लग्नानंतर मी बदलापूर पूर्वेला आले ती कायमची. खडकीत शाळेच्या टीममध्ये मी लेफ्ट हाफ खेळायचे, तेही मातीच्या मैदानावर. धनराज पिल्ले खडकीचाच. तिथल्या माणसाला हॉकीचं वेड का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

टीव्हीवर हॉकी बघायची म्हणजे आधी चॅनल शोधायचं, ही सवय मला वीस वर्षांपासून आहे. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग आली, ती ईएसपीएनवर. त्यात आपली मराठा वॉरियर्स होती आणि धनराज तिच्याकडून खेळायचा. २००८ नंतर ती लीग बंद पडली. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली, ती निओ स्पोर्ट्सवर. त्यात आपल्या दोन टीम, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. पुणे फायनलपर्यंत गेली आणि मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर शेर-ए-पंजाबकडून हरली. त्या लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा मुंबई मॅजिशियन्स आली. त्याच जानेवारीत सीमेवरच्या घटनांनंतर वातावरण तापलं आणि लीगमधल्या नऊही पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवलं. मॅजिशियन्स दोन्ही वर्षं तळाला राहिली. मग तिच्या जागी दबंग मुंबई आली. ती २०१७ ला फायनलला पोचली आणि कलिंगा लान्सर्सकडून हरली. नंतर ती लीगही थांबली, ती तब्बल सात वर्षं. दर वेळी नवं नाव, नवी जर्सी, नवं चॅनल. आणि दर वेळी आमच्या केबलवाल्याला फोन.

डिसेंबर २०२४ मध्ये लीग पुन्हा सुरू होणार हे कळलं, आणि या वेळी पहिल्यांदाच मुलींचीही लीग होणार होती. रांचीला, १२ जानेवारीपासून. ज्या स्टेडियमवर होणार होती त्याला जयपालसिंग मुंडांचं नाव आहे, १९२८ च्या ऑलिम्पिकमधल्या आपल्या हॉकी संघाचे कप्तान. मुलींची लीग होईल असं आम्हाला शाळेत कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. मॅचेस डीडी स्पोर्ट्सवर दिसणार होत्या, सोनीच्या स्पोर्ट्स चॅनलांवरही दिसणार होत्या आणि प्रसार भारतीच्या वेव्ह्ज या ॲपवरही.

मी डीडी स्पोर्ट्सचा नंबर दाबला तर पडद्यावर नुसती निळी पाटी. केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, ते आपल्याकडे येत नाही. सोनीचं पॅक घ्या." मी म्हटलं, दूरदर्शनच्या चॅनलांसाठी वेगळे पैसे लागत नाहीत, सरकारनं ठरवून दिलेली दूरदर्शनची चॅनलं केबलवर दाखवलीच पाहिजेत, १९९५ च्या केबल कायद्यात तसं कलम आहे. तो म्हणाला, "बघतो, वर कळवतो." तो 'वर' म्हणजे कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पॅक मी घेतलं नाही. पैशांचा प्रश्न नव्हता. जे सरकारी चॅनल खेड्यापाड्यात फुकट दिसतं, ते बदलापुरात विकत का घ्यायचं, हा प्रश्न होता.

सूनबाईंनी मोबाइलवर ॲप घालून दिलं. त्या रोज कर्जत लोकलनं जातात, त्यांना मोबाइलवर बघायची सवय आहे. मला जमलं नाही. क्रिकेटमध्ये चेंडू कुठे जाणार याचा अंदाज आधी येतो. हॉकीत तो ताशी शंभरच्या वर वेगानं स्टिकवरून सुटतो आणि हातभर पडद्यावरही दिसेनासा होतो, मग तळहाताएवढ्या पडद्यावर काय दिसणार? निळं टर्फ तेवढं दिसतं. हॉकी बघायची तर मोठ्या पडद्यावर, आणि आवाज चालू ठेवून. स्टिकवर चेंडू नीट बसला की फसला, हे डोळ्यांआधी कानाला कळतं.

तेव्हा मी डीडी फ्री डिश घ्यायचं ठरवलं. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ती सुरू झाली. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमधून दोन्ही आणलं. दुकानदार सिंधी, साठीच्या पुढचे. "बेन, गावाला पाठवणार का?" असं त्यांनी विचारलं. बदलापूरच्या टू बीएचकेसाठी ही डिश कुणी नेत नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं असं आता लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यांनी सगळं नीट समजावून दिलं. सॅटेलाइट ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून तोंड आग्नेयेला करायचं आणि डिश बरीच वर उचलायची, मध्ये झाड किंवा भिंत आली की संपलं. आमची गॅलरी पश्चिमेला, समोर दुसरी बिल्डिंग. म्हणून गच्ची हवी होती.

गच्चीची चावी सेक्रेटरींकडे. मी तोंडी विचारलं तर ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणाले, वॉटरप्रूफिंग नवीन केलंय, भोक पाडता येणार नाही. मी म्हटलं, भोक नको, कठड्याला क्लॅम्प लावते. तेव्हा म्हणाले, कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटीची मीटिंग महिन्याच्या पहिल्या रविवारी. ५ जानेवारीची होऊन गेली होती, पुढची २ फेब्रुवारीला. मुलींची फायनल २६ जानेवारीला, मुलांची १ फेब्रुवारीला. मी तारखा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवला.

आता गच्चीवर काय होतं ते सांगते, कारण मी पाण्याची टाकी बघायला प्लंबरबरोबर वर गेले तेव्हा स्वतः मोजलं. खासगी कंपन्यांच्या अकरा डिश होत्या. त्यातल्या सात तर वापरातही नव्हत्या, लोकांनी वायफाय घेतल्यापासून तशाच गंजत पडलेल्या, वायरी तुटून लोंबत होत्या. चार जुन्या स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवलेल्या, आणि वॉटरप्रूफिंगवाल्यानं त्यांच्याभोवती व्यवस्थित सिमेंट फिरवून दिलं होतं. एकाही डिशचा अर्ज फाइलमध्ये नव्हता, हे मला खजिनदारांनीच सांगितलं. मी हे सगळं सेक्रेटरींपुढे मांडलं आणि म्हटलं, त्या सातांपैकी एक काढा, तिच्या जागी माझी लावते, भोकही तेच. तेव्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं. ती फुकटवाली डिश. बिल्डिंगला शोभत नाही. खाली फ्लॅट विकायला लोक येतात, ते वर बघतात, असंही पुढे म्हणाले.

म्हणजे वॉटरप्रूफिंगचा प्रश्न नव्हता, डिशच्या जातीचा होता. महिन्याला पैसे भरणाऱ्याची डिश चालते, न भरणाऱ्याची चालत नाही. ती चाळीत लावतात, पत्र्याच्या घरावर लावतात, मुरबाडकडच्या पाड्यावर लावतात, म्हणून ती आपली नव्हे. मला याचा राग केबलवाल्याच्या रागापेक्षा जास्त आला. केबलवाल्याला निदान धंदा करायचा होता.

हॉकीचीही तीच गोष्ट आहे. हा खेळ टिकवला तो कारखान्यांच्या वसाहतींनी, लष्करी छावण्यांनी, रेल्वेनं, झारखंड-ओडिशातल्या आदिवासी गावांनी. ज्या घरांत फ्री डिश आहे, त्याच घरांतल्या मुली भारताकडून खेळतात. आणि त्यांचा खेळ बघायला मोठ्या शहरांच्या कडेच्या सोसायटीत परवानगी लागते.

मार्ग काढला तो चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी. त्यांचा फ्लॅट कोपऱ्यातला. बिल्डरनं वास्तुशास्त्र बघून स्वयंपाकघर आग्नेयेला दिलेलं. जिन्यात मी कुणाशी तरी बोलत होते ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्या किचनच्या ग्रिलला लावा की. तिथे तुळशीची कुंडी आहे, ती सरकवते." अंबरनाथहून एक मुलगा आला. त्यानं ग्रिलच्या बाहेरच्या गजाला, छज्ज्याच्या सावलीतून पुढे काढून, क्लॅम्प आवळला. वायर बाहेरून तीन मजले खाली सोडली. तो वर, मी खाली टीव्हीसमोर, मध्ये फोन चालू. तो बोटभर फिरवायचा आणि विचारायचा, "आलं?" सिग्नलची पट्टी लाल, लाल, पुन्हा लाल. मग एकदम हिरवी झाली आणि चित्र आलं. मी ओरडले, "हलवू नकोस!" वहिनी वरून विचारत होत्या, "कोण पडलं?"

तोवर मुलींची अर्धी लीग होऊन गेली होती. टीम चारच, दिल्ली, बंगाल, ओडिशा आणि पंजाब-हरयाणाची जेएसडब्ल्यू सूरमा. मुलांच्या आठ. या बारांत महाराष्ट्राची एकही नाही. मराठा वॉरियर्सपासून दर लीगमध्ये आपली एक तरी टीम होती, या वेळी शून्य. मी मनाची समजूत घातली होती की टीम कुठली याचा फरक पडत नाही, खेळ बघायचा. वहिनी आणि त्यांची सातवीतली मुलगी रोज खाली यायच्या. त्यांना मी सांगायचे, नुसतं चेंडूमागे डोळे लावू नका. चेंडू नसलेली मुलगी कुठे पळतेय ते बघा, गोल तिथून सुरू होतो.

२६ जानेवारी. ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. ओडिशाकडे यिबी यान्सन होती, नेदरलँड्सची, पेनल्टी कॉर्नरवर जगभरच्या गोलकीपर जिला घाबरतात ती. आम्ही तिच्याकडे बघत बसलो आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये गोल केला तो ऋतुजा पिसाळनं. सातारा जिल्ह्यातली मुलगी. पडद्याखालच्या पट्टीवर नाव आलं आणि मी उभीच राहिले. सूरमाच्या पेनी स्क्विबनं बरोबरी केली. मग बराच वेळ काहीच होईना, चेंडू मधल्या पट्ट्यातच फिरत राहिला. शेवटची चारेक मिनिटं उरली असताना पुन्हा ऋतुजा. २-१. पहिल्यावहिल्या महिला लीगची फायनल आपल्या साताऱ्याच्या मुलीनं दोन्ही गोल मारून जिंकून दिली. वहिनींची मुलगी सोफ्यावर उड्या मारत होती. मी तिला थांबवलं नाही.

टीम कुठली याचा फरक पडत नाही म्हणाले होते ना? पडतो. ती पळत गेली, सगळ्या मुलींनी तिला घेरलं, आणि छातीवर नाव होतं ओडिशाचं. ओडिशाचा मला राग नाही. त्यांनी २०१८ पासून देशाच्या संघांना पैसा दिला, राउरकेल्याला केवढं स्टेडियम बांधलं. त्यांनी कमावलंय ते. राग आपल्या लोकांचा आहे. ज्या सूरमाला ऋतुजानं हरवलं ती टीम जेएसडब्ल्यूची, आणि जेएसडब्ल्यूचं मुख्यालय मुंबईत आहे. मुंबईतल्या कंपनीला पंजाब-हरयाणाची टीम घ्यावीशी वाटते, मुंबईची किंवा पुण्याची घ्यावीशी वाटत नाही. कारण त्यांच्याकडे हिशोब असेल, बघणारे किती, जाहिराती किती. पण बघणाऱ्यांना चॅनलच दिसत नसेल तर बघणारे मोजणार कसे? आमच्या घरात त्या संध्याकाळी सातजण होते. ते कुठल्या आकड्यात आले?

महाराष्ट्राची टीम आली तर मी पॅकचे पैसे भरीन. केबलवाल्याला आधीच सांगून ठेवलंय. फुकट मिळालं पाहिजे हा माझा आग्रह तिथे संपतो.

२ फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये माझा अर्ज 'पुढील सभेत विचारार्थ' असा नोंदवला गेला. अजून विचार झालेला नाही. वहिनींना मात्र ग्रिलवरच्या डिशबद्दल नोटीस आली, दर्शनी भागाचं विद्रूपीकरण म्हणून. त्यांनी ती मला दाखवली, फाडली आणि वर चहा करायला गेल्या.

त्यांच्या मुलीला आता हॉकी शिकायचंय. मला माहीत असलेलं सगळ्यात जवळचं टर्फ चर्चगेटचं, महिंद्रा स्टेडियम. बदलापूरहून लोकल, दादरला गाडी बदलायची, शाळा सुटल्यावर जायचं आणि रात्री परत. बारा वर्षांच्या मुलीला रोज कोण नेणार? वहिनी घराजवळच्या क्रिकेट कोचिंगचा फॉर्म घेऊन आल्या आणि मला विचारलं, भरू का? मी नको म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "बरं, मग तिला कुठे पाठवू ते सांगा." मी खडकीतल्या एका मैत्रिणीला फोन लावला, कल्याणपर्यंत तरी कुणी मातीवर का होईना शिकवणारं आहे का, ते विचारायला. ती विचारून सांगते म्हणाली. फॉर्मची शेवटची तारीख तीस आहे.