ताईची कसरत

अमक्याचा तोल गेला असे आपण म्हणतो, तेव्हा तो जिन्यावरून घसरला की शेजाऱ्यावर खेकसला, हे पुढच्या वाक्यावरून कळते. देहाचा तोल आणि मनाचा तोल मराठीने एकाच तागडीत घातले आहेत. वर्गात मी हे अनेक वर्षे सांगत आलो आहे; पण त्याचा खरा प्रत्यय आला तो आमच्या आईमुळे.

आईला ७४ वे वर्ष. गेल्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली. हाड मोडले नाही, धीर मोडला. आम्हा नाशिककरांना गोदावरी म्हणजे गंगाच. रोज सकाळी गंगेवर जाऊन येणारी आई आता रामकुंडाचे नाव निघताच "पायऱ्या ओल्या असतात रे" म्हणून विषय बदलू लागली. फिरणे थांबले, पाय आखडले, आणि पाय आखडले म्हणून भीती वाढली. एरवीची ही शांत बाई भाजीवालीशीसुद्धा तुटक बोलू लागली. पडण्यापेक्षा पडण्याचे भयच माणसाला लवकर म्हातारे करीत असावे.

अशात माझी भाची सुट्टीला आली. ती फिजिओथेरपी शिकते.

"आजी, आपण ताई ची करू या."

आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "कुठल्या ताईची ग?"

ही ताई चीनची. माहेर हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावी. एकोणिसाव्या शतकात यांग लूचान नावाच्या उस्तादाने तिला राजधानीत नेले. मुळात ही मारामारीची विद्या, हे आईपासून आम्ही काही दिवस लपवून ठेवले! १९५६ साली चीन सरकारने सामान्य माणसांसाठी तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला, आणि २०२० मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

करावयाचे ते इतकेच: गुडघे किंचित वाकवून अंगाचा सगळा भार एका पायावर न्यायचा, रिकामा झालेला दुसरा पाय अलगद पुढे ठेवायचा, मग भार हळूहळू त्याच्यात ओतायचा. एक पाय भरलेला, एक रिकामा. 'ढगांसारखे हात' नावाची एक हालचाल आहे. हात छातीसमोर गोल फिरतात आणि अंग कमरेतून वळते. ती पाहताच आई म्हणाली, "अग, हे तर जाते!" तेव्हापासून ती हालचाल तिला कोणी शिकवावी लागली नाही.

"घरचा सूर्यनमस्कार असताना ही चिनी ताई कशाला?" शेजारच्या नानांनी विचारले. प्रश्न रास्त होता. समर्थांनी बारा वर्षे तप केले ती टाकळी आमच्या उशाशी. योग विद्या धाम १९७८ पासून नाशकात आहे. मी स्वतः रोज १२ नमस्कार घालतो. पण आईच्या गुडघ्यांना जमिनीशी जाऊन पुन्हा उठायला कोणी सांगावे? वृक्षासन उत्तमच, पण ते एका जागी उभे राहून करायचे, आणि आई पडली ती पाऊल टाकताना. डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-सांधे यांच्याकडून येणाऱ्या निरोपांचा मेळ मेंदू घालतो, तेव्हा माणूस उभा राहतो. वयाबरोबर हे टपालखाते मंदावते. अमेरिकेत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई ची करणारे रुग्ण नुसते अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. आईला कंपवात नाही, पण नाना गप्प बसले.

सुरुवातीला आई खुर्चीची पाठ धरून करी. शेजारी मीही उभा राहतो. सावकाश हात फिरवणे वाटते तितके सोपे नाही. मन पुढे धावते, हात त्याच्यामागे. मग आई डोळे न उघडता विचारते, "तास संपल्याची घंटा झाली का रे?"

घटस्थापनेच्या सकाळी ती आपण होऊन म्हणाली, "गंगेवर जाऊन येऊ." रामकुंडाच्या पायऱ्यांवर मी हात पुढे केला. तो तिने धरला नाही. एक पाय भरलेला, एक रिकामा, अशी ती उतरू लागली. तिसऱ्या पायरीवर थांबून तिने मागे पाहिले.

"सांभाळून ये रे. इथे शेवाळ आहे."