गार इंजिनाचे गाऱ्हाणे

वाईहून पसरणीचा घाट चढून वर आले, की हवेतला गारवा लगेच जाणवतो. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना इथली थंडी हवीहवीशी वाटते. गेल्या डिसेंबरात मात्र या थंडीने आमच्या घरातली झोप उडवली, आणि तीही आमच्या जीपच्या तोंडून!

माझे वडील, म्हणजे आबा, वडाप चालवतात. पहाटे साडेपाचला सेल्फ मारायचा आणि सहाला वाईकडे पहिली फेरी घेऊन निघायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. जीप जुनी, डिझेलवरची, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्यावर आमचे पाच माणसांचे घर चालते. आबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. "बी.ए. करून पुढं काय?" हा प्रश्न मला कॉलेजात कोणी विचारला नसेल इतक्या वेळा वडापातल्या प्रवाशांनी विचारला आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एके पहाटे आबांनी सेल्फ मारला आणि बॉनेटखालून असा काही चिरका आवाज आला, की शेजारची आजी घोंगडे गुंडाळून बाहेर आली. "आरं, कुत्र्याचं पिल्लू घावलं का काय चाकाखाली?" मिनिट-दीड मिनिट गाडी केकाटली आणि मग आपोआप गप्प झाली. आबा म्हणाले, "थंडी हाय. गरम झाली की बसतंय." आणि खरोखरच बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

घाट उतरून वाईच्या गॅरेजात जावे, तर तोवर इंजिन चांगले तापलेले. मिस्त्री बॉनेट उघडून कान देई आणि विचारी, "काका, आवाज कुठाय?" आबा नुसतेच गाडीकडे पाहत. वीस वर्षे घाटात गाडी हाकणारा माणूस, पण गॅरेजात उभा राहिला की त्याला शब्द सापडत नसत. दुसऱ्या एका गॅरेजात गेलो. तिथे आवाज न ऐकताच निकाल मिळाला. "अल्टरनेटरचं बेअरिंग गेलंय. सगळाच बदला. सात हजार धरा."

घरात तेवढे पैसे होते. माझी परीक्षेची फी, पुस्तके आणि धाकट्या बहिणीचा क्लास यांसाठी आईने ते डब्यात राखून ठेवले होते. रात्री जेवताना आबा म्हणाले, "फीचं फुडं बघू. गाडी हाय तर फी हाय." आई काही बोलली नाही. तिने ताटात भाकरी वाढली आणि डबा फडताळात आणखी आत सरकवला. मलाही काही बोलता आले नाही, कारण आबांचे म्हणणे चूक नव्हते.

मध्यंतरी कुणीतरी सांगितले म्हणून आबांनी फॅनबेल्टला साबण चोळून पाहिला. दोन दिवस शांततेत गेले. आम्हाला वाटले, सुटलो! तिसऱ्या पहाटे गाडी पूर्वीपेक्षा मोठ्याने केकाटली.

त्याच आठवड्यात आमचे सर वर्गात ऐतिहासिक साधनांविषयी शिकवीत होते. एखादा कागद हाती आला, तर तो कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कुठे लिहिला हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष मानू नये, असे ते सांगत होते. माझ्या डोक्यात मात्र जीप घुमत होती. या आवाजाला 'केव्हा' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तो पहाटे होतो आणि आम्ही त्याचा पत्ता दुपारी शोधत होतो!

घरी येऊन मी एक जुनी वही काढली. सात दिवस पहाटे बॅटरी घेऊन आबांबरोबर उठलो. पहिल्या दिवशी दव फार पडले होते. आवाज ९० सेकंद टिकला. दुसऱ्या दिवशी दव कमी. आवाज ५० सेकंद. तिसऱ्या दिवशी केकाटणे चालू असतानाच हेडलाईट लावले, आवाज चढला. बंद केले, उतरला. चौथ्या दिवशी ॲक्सिलरेटर दाबून पाहिला, तेव्हाही चढला. पाचव्या दिवशी दुपारी तासभर थांबलेली गाडी चालू केली. आवाज मुळीच नाही. असे सगळे तारीख-वेळ घालून लिहिले. आबा पहिल्या दिवशी हसले. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "आज लाईट लावून बगू का रं परत?"

ती वही घेऊन आम्ही वाईतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा चढवून वही शांतपणे वाचली. मग म्हणाले, "गाडी आज रात्री इथंच ऱ्हाऊ द्या. उद्या पहाटं मीच सेल्फ मारतो. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

आबा आणि मी रात्री जीपमध्येच झोपलो. झोप कसली येते! कृष्णेवरून गार वारा येत होता. अंधारात आबा एकदम म्हणाले, "ह्या लोकांसमोर मला बोलायला जमत न्हाई बग. काय इचारलं की वाटतं, आपलंच कायतरी चुकलं." आबांच्या तोंडून असे काही मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. मी फक्त 'हं' म्हणालो.

पहाटे मिस्त्रींनी सेल्फ मारला. गाडी नेहमीसारखी केकाटली, तसे ते खूश झाले! त्यांनी हेडलाईट लावून पाहिले. मग हात लांब ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याचे चार थेंब उडवले. आवाज आणखी चढला. "घसरतोय," ते म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी दोन पुल्यांमधल्या लांब भागात बेल्टवर अंगठा दाबला. साधारण अर्धा इंच दबावा, तिथे तो इंचाच्या वर गेला. मग बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटर अगदी मऊ फिरला, घरघर नाही. पाण्याचा पंपही ठीक, हलवून पाहिला तरी ढिला नाही. "बेअरिंग गेलं असतं तर गरम झाल्यावर बी वाजलं असतं. हे तुमच्या पोराच्या वहीतच हाय."

दोष बेल्टचाच होता. हा बेल्ट पुलीच्या खाचेत आपल्या दोन्ही कडांनी घट्ट धरतो, तळाने नव्हे. आमचा झिजून इतका बारीक झाला होता, की खाचेच्या तळाला टेकला होता. तळ आरशासारखा चकाकत होता. त्यावर साबणाने भर घातली होती. आता तो पहाटेच का ओरडे, तेही कळले. थंडीत रबर कडक होते. दवाने बेल्ट ओलसर असतो. डिझेल गाडीला हीटर आणि सेल्फ यांसाठी बॅटरीतून बरीच वीज जाते, आणि ती भरून काढायला इंजिन चालू होताच अल्टरनेटरवर मोठा भार येतो. ढिला बेल्ट तो भार ओढताना घसरतो आणि केकाटतो. थोड्या वेळाने रबर मऊ पडते, ओल सुकते, भार कमी होतो आणि आवाज थांबतो. झीज मात्र थांबत नाही.

मग मिस्त्रींनी अल्टरनेटरच्या पाठीमागे बोट दाखवले. तिथे ब्रेकचा व्हॅक्युम पंप होता. "ह्यो बी याच बेल्टवर फिरतो. घाट उतरताना बेल्ट तुटला असता तर ब्रेक जड झाला असता, नेहमीच्या पायानं दबला नसता. आन् चढताना तुटला असता तर पंखा बंद, पाण्याचा पंप बंद. इंजिन उकळलं असतं." आबांनी टोपी काढून हातात घेतली. ते रोज दहा माणसे घेऊन तो घाट उतरत होते. त्यांत बऱ्याचदा मीही असे.

नवा बेल्ट साडेतीनशे रुपयांना मिळाला. मजुरीसह सगळे मिळून सहाशे झाले. मिस्त्रींनी पुल्यांवरचा साबण धुऊन काढला आणि बेल्ट बेताने ताणला. फार ताणला तर चांगली बेअरिंगे खराब होतात. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. माझी फी मुदतीत भरली गेली. बहिणीचा क्लासही चुकला नाही.

वाचकहो, यात मी फार मोठे काही केले असे नाही. निदान केले ते मिस्त्रींनी, त्यांच्या अंगठ्याने आणि कानाने. मी फक्त आवाजाची वेळ लिहून ठेवली. पण आपल्याकडे पुष्कळ दुखणी अशीच असतात, ती आपल्या ठराविक वेळीच बोलतात. दिवस चढला की सगळे सुरळीत चाललेले दिसते आणि आपण म्हणतो, 'बसलं!' आबांचे बोलणेही त्या रात्री जीपमध्ये झाले, ते दिवसा कधी झाले नसते.

ती वही आता जीपमध्येच असते. परवा चाळून पाहिली. माझ्या शेवटच्या नोंदीखाली आबांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत रोजची तारीख होती, आणि प्रत्येक तारखेपुढे दोनच शब्द. 'आवाज न्हाई.'