रोटेशन संपल्यावर

१.
हावडा-मुंबई मार्गावर महाराष्ट्र संपता संपता आमचे दरेकसा येते. पुढे बोगदा, मग बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड. मालगाड्या मोजत बसलो तर दिवस जातो.

२.
भाची सुट्टीवर आली आहे. एका मोठ्या कंपनीत तिचे दोन वर्षांचे फायनान्स रोटेशन चालू आहे : सहा महिने ट्रेझरी, सहा महिने इंटर्नल ऑडिट, सहा महिने कारखान्यात कॉस्टिंग, आता बजेट. महिन्याभरात संपेल. तिच्या डोक्यात दोन प्रश्न : पद कोणते, पॅकेज किती. गावाचा एकच : "हाती किती भेटते जी?"

३.
गावाचा प्रश्न जास्त नेमका आहे. सीटीसीत कंपनीने भरायचा 12 टक्के पीएफ धरलेला असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, वर्षअखेरीस मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबलही धरलेला असतो. बँकेचा मेसेज यातले काही धरत नाही.

४.
जानेवारी 2022 मध्ये रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' केले. वेतनश्रेणी तीच, काम तेच, झेंडा तोच.

५.
जीई कंपनीचा फायनान्शियल मॅनेजमेंट प्रोग्राम : दोन वर्षे, सहा-सहा महिन्यांच्या चार फेऱ्या. भाचीच्या कंपनीने साचा कुठून उचलला, हे सांगायला नको. टाटांनी आपली टाटा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस 1956 मध्ये सुरू केली, ती सरकारी सेवांकडे बघून. नावातच दिसते.

६.
आपल्याकडच्या घरांना कळणारे रोटेशन म्हणजे बँकेतला पीओ. स्टेट बँकेत मूळ वेतन 48,480 पासून सुरू होते. चार आगाऊ वेतनवाढी धरून 56,480. दोन वर्षे प्रोबेशन. वरच्या कसोटीला उतरला तर थेट स्केल दोन. नाही तर स्केल एकमध्ये कायम. किमान कसोटीही गाठली नाही तर घरी. सगळे आधी छापलेले. मुदतीआधी सोडून गेलात तर भरायचे दोन लाखसुद्धा छापलेले.

७.
नागपूरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत शिकणारा नवा आयआरएस अधिकारी : मूळ वेतन 56,100. पद ठरलेले, वेतन ठरलेले. घासाघीस करायला समोर कोणी नाही. अनेकांना हीच मोठी सोय वाटते.

८.
खासगीत छापलेले काही नाही, म्हणून भाची रोज रात्री आधीच्या बॅचच्या मुलांना फोन करते. स्टेशनकडे रेंज बरी, म्हणून तिकडे जाते. कळलेले असे : ट्रेनीचा कायम झाला की वाढ मिळते, पण स्वप्नात पाहिलेली नाही, खरी उडी पहिली कंपनी सोडताना. त्यात एक मेख आहे. चार ठिकाणी सहा-सहा महिने बसलेल्या माणसाला दुसरी कंपनी विचारते, "एकट्याने केलेले काय?" महिन्याचा क्लोज कधी स्वतःच्या जबाबदारीवर केला आहे का? सहा महिन्यांत काम समजते तोवर खुर्ची बदललेली असते. माझ्या मते तिने पगारात हजार-दोन हजार कमी घ्यावेत, पण अशी जागा मागावी जिथे चूक झाली तर तिलाच फोन येईल. हे मी बोललो. ती म्हणाली, "मामाजी, हजार-दोन हजारांवर कोणी बोलत नाही आता."

९.
तेंदूपत्ता. आपल्याकडे पुडक्यात 70 पाने, बोगद्यापलीकडे 50. पलीकडे 2024 पासून हजार पुडक्यांच्या गोणीला 5,500 रुपये. दर ऐकून भांडायला जाऊ नये, आधी पाने मोजावीत.

१०.
इन्व्हेस्टमेंट बँकेत तिशीतला 'व्हाइस प्रेसिडेंट' असतो. कारखान्यात त्याच वयाचा 'डेप्युटी मॅनेजर', आणि हाताखाली माणसे जास्त. लग्नाच्या बायोडाटात पहिला जिंकतो.

११.
रोजगार हमी, 2024-25 : दिवसाला 297 रुपये. पदे दोन, मजूर आणि मेट.

१२.
हिंदुस्थान युनिलिव्हर आपल्या ट्रेनींना काही आठवडे खेड्यात राहायला पाठवते. सत्तरच्या दशकात ही पोरे उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात जात. दरेकसाच्या पोरीला खेड्याची ओळख करून द्यायला पाठवले तर भत्ता द्यावा की सूट?

१३.
"सीनियर अ‍ॅनालिस्ट म्हणाले तर?"
"ग्रेड विचार."
"ग्रेड तोच आहे, असिस्टंट मॅनेजरचाच."
"मग अडते कुठे?"
"आईला अ‍ॅनालिस्ट म्हणजे काय ते कसं सांगू?"

१४.
माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे गोंड समाजाची यात्रा भरते. त्या दिवसांत रजा मिळेल का, हे ती ऑफरच्या वेळीच विचारणार आहे. मला हा पगाराचाच प्रश्न वाटतो. एचआरला वाटेल का, बघू.

१५.
ऑफर आली. पान एक : डेप्युटी मॅनेजर, फायनान्स. पान तीन : व्हेरिएबल 15 टक्के, नोटीस 90 दिवस. भाचीने पान तीन आधी उघडले. भाऊजींनी पान एकचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सात मिनिटांत तेवीस अभिनंदने, आणि भंडाऱ्याच्या आत्याचा प्रश्न : "हाती किती?"