सांधा दिसता कामा नये

आठवीत आमचा चित्रकलेचा तास शनिवारी शेवटचा असायचा. गणिताचा धडा मागे राहिला की तो तास गणिताला जायचा, शाळेत पाहुणे यायचे असले की पटांगण झाडायला. चित्रकलेचे मार्क दहावीच्या निकालात धरत नाहीत हे मुलांना माहीत, पालकांना माहीत, आणि बाकीच्या शिक्षकांना तर फारच नीट माहीत. हे सगळं सुरतेत, म्हणजे ज्या शहराचं पोट नक्षीवर चालतं त्या शहरात.

1996 सालची गोष्ट सांगतोय. उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळा म्हणजे खानदेशची शाखाच. सुरतेशी मराठी माणसाचं नातं म्हटलं की लोकांना 1664 ची लूट आठवते. आमच्याकडची माणसं मात्र भुसावळ-सुरत पॅसेंजरने, वळकटी आणि डबा घेऊन आली होती. कोणी नंदुरबारचं, कोणी शिंदखेड्याचं, कोणी अमळनेरचं. वर्गात मराठी, घरी अहिराणी, दुकानात गुजराती आणि खात्यावर हिंदी. खातं म्हणजे लूमचा कारखाना. आमच्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक घरात कापडाचंच काहीतरी चालायचं. कोणाचे वडील लूमवर, कोणाचा भाऊ रिंग रोडच्या मार्केटात पाठीवर पोटलं वाहणारा. माझी माय घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची, नाहीतर धागा कटिंग करायची. आबा पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या कलर किचनमध्ये होते. गोंदाच्या खळीत रंग कालवून छपाईच्या मशीनला पुरवायचे. त्यांच्या नखांवरून आज मिलमध्ये कुठला रंग जोरात आहे ते आम्हाला कळायचं.

तरीही मी ग्रेडच्या परीक्षेचा फॉर्म भरतो म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, ‘‘चित्रे काढीसन पोट भरस का?’’

आमच्या चित्रकलेच्या सरांनी या परीक्षेचं खूळ आमच्या डोक्यात घातलं. गांधीनगरच्या राज्य परीक्षा बोर्डाची ही परीक्षा. पोरं तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच म्हणायची. नंदुरबारचा माझा मामेभाऊ त्याच नावाची परीक्षा देत होता, पण त्याचं सर्टिफिकेट मुंबईच्या कला संचालनालयाचं. मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेला हा प्रकार. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली तशा परीक्षाही वेगळ्या झाल्या, एवढंच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, हे सगळं दोन्हीकडे ओळखीचं. सुट्टीत मामाकडे गेलो की आम्ही दोघं एकमेकांच्या वह्या काढून तुझी लंबवर्तुळं वाकडी, तुझी अक्षरं बसकी, असे भांडायचो.

सर शाळा सुटल्यावर वर्ग घ्यायचे. फी नाही. सामान आपलं आपण. कार्ट्रिज पेपर, कॅम्लिनचे पोस्टर कलर, शून्य नंबरचा आणि चार नंबरचा गोल ब्रश. रंगांच्या बाटल्यांत पांढरा सगळ्यांत आधी संपायचा, म्हणून तो वर्गणी काढून आणायचा. स्मरणचित्राला पोरं हमखास दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी काढत. सर वैतागत. ‘‘उधन्यात डोंगर कुठे बघितलास? खिडकीतून बघ आणि काढ.’’ मग ‘रस्त्यावरचे दृश्य’ या विषयावर एकाने बुलडोझर काढला. सुरतेतल्या प्लेगनंतर महापालिकेचे आयुक्त एस. आर. राव यांनी शहर साफ करायला घेतलं होतं आणि रस्त्यात आलेली बांधकामं पडत होती. चित्रात बुलडोझर, पडकी भिंत, बघ्यांची गर्दी आणि त्या गर्दीतही चहाची किटली घेऊन फिरणारा पोऱ्या. सरांनी ते चित्र वर्षभर फळ्याशेजारी लावून ठेवलं. मला ते आजही त्या वर्गातलं सगळ्यांत चांगलं चित्र वाटतं. ते काढणारा मुलगा दहावीनंतर हिरे घासायच्या घंटीवर बसला.

माझा जीव मात्र संकल्पचित्रात. ठरावीक मापाचा चौकोन किंवा वर्तुळ आखायचं, त्यात फुलापानांची अलंकारिक नक्षी भरायची आणि सांगितलेल्या रंगसंगतीत रंगवायची. उष्ण, शीत, विरोधी. सर अर्धा चौकोन काढायला लावत, तो बटर पेपरवर घेऊन उलटा छापायचा की दुसरी बाजू तयार. रंग सपाट लागला पाहिजे, कुठे ओला पट्टा दिसता कामा नये. पोस्टर कलर वाळला की थोडा फिका होतो, तेव्हा ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, कडेच्या चिटोऱ्यावर वाळवून बघायचा, मग चित्राला लावायचा. हे आबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या वहीकडे वळले. त्यांच्याकडेही तेच चालायचं. पॉलिएस्टरवर छापलेला रंग वाफेच्या मशीनमधून निघाल्याशिवाय खरा दिसत नाही. कलर किचनमधल्या माणसाला बादलीतल्या रंगावरून कापडावरचा रंग ओळखावा लागतो.

नववीच्या उन्हाळ्यात माझ्या एका मावसकाकांनी मला डिझाइन स्टुडिओत चिकटवलं. स्टुडिओ हे नाव मोठं. सलाबतपुऱ्यात एका माडीवर दोन खोल्या, खालून दिवा लावलेली काचेची टेबलं, वर पंखा, तोही कागद उडतात म्हणून हळू. शेठ सुरती, बोलायला गोड, कामाला कडक. मी ग्रेडच्या तयारीतलं माझं सगळ्यांत देखणं संकल्पचित्र दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘आ तो सरस छे, पण आगळ क्यां जाय?’’ म्हणजे छान आहे, पण पुढे कुठे जातं?

ते पुढे कुठेच जात नव्हतं. शाळेतली नक्षी चौकोनाच्या रेघेपाशी संपते, तिने तिथेच संपावं असा नियम असतो. कापडावरची नक्षी त्या रेघेपाशी सुरू होते. उजवीकडून जी वेल बाहेर जाईल ती डावीकडून त्याच जागी आत आली पाहिजे, वरून गेलेलं पान खालून उगवलं पाहिजे. याला रिपीट म्हणतात. ते कसं बसवायचं हे शेठनी स्वतः दाखवलं. मोठ्या कागदावर मधोमध वेल काढायची, कडा मोकळ्या सोडायच्या. मग कागद उभा बरोबर मधून कापायचा. हो, काढलेलं चित्र कापायचं. मला तर धस्स झालं. डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे. आता मूळच्या बाहेरच्या कडा मध्ये येऊन एकमेकींना चिकटल्या आणि त्यांच्यामध्ये पांढरी मोकळी पट्टी राहिली. मागून चिकटपट्टी लावायची आणि त्या पट्टीत वेल पुढे वाढवायची. मग तोच कागद आडवा कापायचा, वरचा भाग खाली, खालचा वर, पुन्हा मधलं भरायचं. एवढं झालं की तो कागद कितीही वेळा शेजारी शेजारी ठेवा, नक्षी वाहती राहते. ‘‘सांधो देखावो न जोईए,’’ हे शेठचं पालुपद. सांधा दिसता कामा नये.

मापाचाही आपला हिशेब होता. रोटरी मशीनवर जाळीचं जे नळकांडं फिरतं त्याचा घेर 64 सेंटिमीटर. तेव्हा रिपीट 64 चं, 32 चं, नाहीतर 16 चं. वीसचं म्हणाल तर नळकांड्यावर बसणार नाही. साडी साडेपाच मीटर, वर ब्लाउजचे ऐंशी सेंटिमीटर. पदराची नक्षी वेगळी, काठाची वेगळी, अंगाची वेगळी, आणि तिन्ही एका घरची वाटली पाहिजेत. रंगाला तर सरळ पैसे मोजावे लागतात. जितके रंग तितक्या जाळ्या. शाळेत गुलाबी पाकळीला मी सहज तीन छटा द्यायचो. इथे तीन छटा म्हणजे तीन जाळ्यांचा खर्च. मग एकाच रंगाच्या बारीक रेघांनी, ठिपक्यांनी, सुक्या ब्रशच्या फटकाऱ्याने छटेचा भास करायचा. नंतर प्रत्येक रंग वेगळ्या पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने ट्रेस करायचा. चार रंग, चार फिल्म, सगळ्या काळ्या. लाल फुलाची फिल्मही काळी आणि पानांचीही. हे काम मला दिलं गेलं. शेजारच्या रंगाखाली केसभर जास्त शाई न्यायची, म्हणजे मशीनवर जाळी किंचित हलली तरी मध्ये पांढरी फट दिसत नाही. हात स्थिर असलेल्या पोरांनाच ते जमायचं आणि माझा हात ग्रेडच्या अक्षरलेखनाने बसलेला होता. सरांनी गोल वळणाची अक्षरं गिरवून घेतली होती तेव्हा आम्ही त्यांना शिव्या घातल्या होत्या.

शेजारच्या खोलीत हातकामाचे खाके बनायचे. बटर पेपरवरच्या नक्षीला सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड बोळ्याने फिरवायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची अख्खी नक्षी. त्या खोलीतून आलेला माणूस रॉकेलच्या वासावरून जिन्यातच ओळखू यायचा.

शाळा सुरू झाल्यावर हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी मला गज्जर सांगितले. प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, सुरतेचे, रसायनशास्त्रज्ञ. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1890 मध्ये त्यांनी बडोद्याचं कलाभवन उभं केलं. तिथे रंगाई, छपाई आणि चित्रकला यांना एकाच छपराखाली जागा होती. आपले दादासाहेब फाळकेही मुंबईच्या जे. जे. मधून पुढे तिथेच शिकायला गेले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं, ते साफ करण्याची युक्तीही याच गज्जरांनी काढली. पोरांना ही पुतळ्याची गोष्ट आवडली, डांबर फासणाऱ्याची जास्त. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट खटकत राहिली. शंभर वर्षांपूर्वी सुरतेच्या एका माणसाला रंगाची बादली आणि ब्रश एका शाळेत असावेत असं सुचलं होतं, आणि आमच्या मिलच्या धुरात उभ्या असलेल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला पटांगण झाडलं जात होतं. सरांनीही मिल आतून पाहिलेली नव्हती आणि शेठना ग्रेड परीक्षा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दोघांच्यामध्ये सायकलने वीस मिनिटांचं अंतर.

इंटरमिजिएट मी दहावीच्या आधी दिली. संकल्पचित्रात चौकोन भरायचा होता, तो भरला, आणि सवयीने वेल कडेला अशी नेली की चार चौकोन शेजारी ठेवले तर जुळावी. परीक्षकाला ते दिसायचं काहीच कारण नव्हतं. बी ग्रेड आली.

दहावीनंतर काय, याचं उत्तर आमच्या भागात ठरलेलं होतं. सायन्सचे मार्क असतील तर सायन्स, नाहीतर कॉमर्स. मी कॉमर्स घेतलं. अहमदाबादला एनआयडी नावाची संस्था 1961 पासून आहे आणि तिथे कापडाचं डिझाइन शिकवतात, हे मला कॉलेजात गेल्यावर एका मासिकातून कळलं. बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी, जिथे चित्रकार बेंद्र्यांनी सोळा वर्षं शिकवलं, ती तर सरांच्या बोलण्यात नेहमी यायची. पण तिथे जाण्याचा रस्ता कसा असतो, फॉर्म कधी निघतो, खर्च किती, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. मी सकाळी कॉलेज आणि दुपारी स्टुडिओ असं चालू ठेवलं. शेठनी पगार वाढवला. त्याच सुमाराला आबांनी मिलमधून एक फेंट आणला, म्हणजे खराब छपाईचा तुकडा. तो माझ्यासमोर पसरून म्हणाले, ‘‘हाऊ लाल सरकी गया, देख. तुनी फिल्म का मशीन?’’ आम्ही दोघं बल्बखाली तो तुकडा धरून बसलो. चूक मशीनची निघाली. माय म्हणाली, आता जेवा.

पुढे कॉम्प्युटर आले, काचेची टेबलं भंगारात गेली, ट्रेसिंगची पोरं एम्ब्रॉयडरीच्या पंचिंगकडे किंवा सरळ दुसऱ्या धंद्यात वळली. आता डिजिटल छपाईत रंग किती याला बंधन नाही. मी आजही याच कामात आहे. नवीन मुलं माझ्याकडे येतात ती सॉफ्टवेअर सफाईने चालवतात, रिपीटचं बटण दाबून मोकळी होतात. मी त्यांना पहिल्या दिवशी कागद आणि कात्री देतो. बहुतेक जण कागद कापायला कचरतात. गेल्या महिन्यात लिंबायतची एक मुलगी आली, अकरावीतली. तिने न विचारता कागद मधून कापला, तुकडे अदलाबदल केले, आणि मागून लावायला चिकटपट्टी मागितली. कुठे शिकलीस, विचारलं तर म्हणाली, शाळेत चित्रकलेच्या बाई आहेत, त्यांचे भाऊ मिलमध्ये आहेत.