रूळ आणि चाक

थोरल्या बंधूंच्या निधनानंतर त्यांची छोटी रेल्वे माझ्याकडे आली. एचओ प्रमाणातील, म्हणजे मूळ गाडीच्या १/८७ आकाराची. दोन रुळांतील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर. इंजिन वारंवार घसरे, म्हणून पुतण्याने ते मोडीत काढण्याचे ठरविले होते. बंधूंनी इतकी वर्षे जपलेली वस्तू अशी जाऊ द्यायला माझे मन धजेना. मी आठवडाभर इंजिन कोठे घसरते, याची नोंद ठेवली. ठिकठिकाणी घसरत असेल, तर संशय चाकांवर. एकाच जागी घसरत असेल, तर रुळावर. इंजिन प्रत्येक वेळी एकाच वळणावर उतरत होते. तेथील सांध्यावरून बोट फिरवले, तेव्हा रुळाचे एक टोक केसभर वर आलेले जाणवले. सांधा समतल करून कड बारीक कानशीने घासली. खात्रीसाठी चाकांच्या जोड्याही मापल्या; आतल्या बाजूंमधील अंतर सुमारे १४.५ मिलिमीटर, म्हणजे योग्यच होते. इंजिनात काहीही बदलावे लागले नाही. आता पुतण्याच रविवारी ते चालवितो. घसरणाऱ्याला दोष देणे सोपे. त्याची वाट तपासायला मात्र खाली वाकावे लागते.