लाल डचेस, हिरवी डचेस

क्रू, इंग्लंड
१८ जानेवारी

चि. केतकी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

जुन्या बाजारात कुलपं आणि नळांच्या ढिगात तुला सापडलेलं इंजिन हॉर्नबी डब्लो या खेळण्यातल्या रेल्वेचं आहे, यात मला शंका नाही. फोटो मोठे करून पाहिले. कोणीतरी त्याला ग्रिलला लावतात तसला रुपेरी रंग फासलाय, पण केबिनच्या कडेला तू नखानं खरवडलंस तिथे खालचा हिरवा दिसतो, आणि त्या हिरव्यावर ४६२३२ मधले शेवटचे दोन आकडे अजून शाबूत आहेत. म्हणजे ही ‘डचेस ऑफ माँट्रोझ’. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर डब्लो बनवणाऱ्या मेकॅनो कंपनीचा कारखाना होता, तिथे हे ओतलं गेलं. आणि जिच्यावरून ते बनवलं ती खरी डचेस माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, इथल्या क्रूच्या कारखान्यात १९३८ साली तयार झाली. त्यामुळे तुझ्या प्रश्नांना उत्तर द्यायचा मला थोडा जास्त हक्क आहे असं समज!

आधी तुझी भीती घालवतो. इंटरनेटवर वाचून तू घाबरलीस ती ‘जस्ताची कीड’ खरी आहे. ही इंजिनं माझाक नावाच्या मिश्रधातूची असतात. त्यात बहुतेक जस्त आणि साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. ओतताना त्यात शिशाचा अंश गेला, तर धातू आतून कणाकणानं सुटत जातो, फुगतो, भेगाळतो आणि शेवटी बिस्किटासारखा हातात तुटतो. त्यावर औषध नाही. पण हा रोग मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या मालाला लागला. डब्लोची सुरुवात १९३८ची. ४६२३२ हा पाच आकडी क्रमांक मात्र इथली रेल्वे १९४८ साली सरकारी झाल्यानंतरचा, आणि हे मॉडेल बाजारात आलं १९५३च्या सुमारास. बॉयलरच्या कडेला पट्टी लावून बघ. सरळ असेल आणि केसासारख्या भेगा नसतील, तर तुझं इंजिन तुझ्या नातवंडांनाही पुरेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रंगाला हात लावायच्या आधी ते चालतं कर. सुंदर रंगवलेलं आणि न चालणारं इंजिन मला बघवत नाही. शिवाय रंगानंतर मोटर उघडायची वेळ आली, की नव्या रंगावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे आलेच.

मोटर साधी आहे: एक चुंबक, तीन ध्रुवांचं आर्मेचर, तांब्याच्या तीन पाकळ्यांचा कम्युटेटर आणि त्यावर दोन बाजूंनी टेकणारे दोन कार्बन ब्रश. बारा व्होल्ट डीसी. साठ-सत्तर वर्षांत तिच्यात एकच गोष्ट घडलेली असते. तेल सुकून त्याचा चिकट राप होतो आणि त्यात ब्रशची काजळी मिसळते. ब्रश काढ, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कम्युटेटर पुसत राहा. काडी काळी, मग करडी, मग स्वच्छ निघेल आणि खालून गुलाबी तांबं वर येईल. मग भिंग लाव आणि त्या तीन पाकळ्यांच्या मधल्या फटी बघ. तिथे काजळी ठासून बसलेली असते, आणि कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे वीज एका पाकळीवरून थेट दुसरीवर जाते. मोटर गरम होते आणि ओढत नाही. दात कोरायच्या लाकडी काडीनं एकेक फट साफ कर. सुई वापरू नकोस, तांब्यावर ओरखडा उठतो आणि तो ब्रश खातो.

आर्मेचर मात्र जागेवरून काढू नकोस. जुन्या चुंबकाच्या तोंडातून लोखंड काढलं की त्याचं बळ ओसरतं. काढावंच लागलं, तर त्याच क्षणी चुंबकाच्या दोन्ही टोकांना जोडणारी लोखंडी पट्टी बसव. सगळं साफ करूनही इंजिन भरमसाट करंट घेऊन नुसतं भिरभिरत असेल आणि दोन डबेही ओढत नसेल, तर चुंबक दमलाय असं समज. त्याला पुन्हा चुंबकत्व देता येतं. त्याची सोय करू.

तू विचारलंस की हे दोन रुळांवर चालेल असं करू का. करू नकोस. हे तीन रुळांचं इंजिन आहे. मधल्या रुळावरून वीज येते आणि चाकांमधून बाहेरच्या रुळांवर परत जाते. त्यामुळे दोन्हीकडची चाकं एकमेकांशी विजेनं जोडलेली असतात. हल्लीच्या दोन रुळांवर ठेवलंस की लगेच शॉर्ट. चाकं बदलता येतात हे खरं, पण मग खालची सगळी रचना मोडावी लागते, आणि माझ्या मते या इंजिनाचा जीव त्या खालच्या भागातच आहे. चाकं प्रमाणात आणण्याच्या मागेही लागू नकोस. मॉडेलचं प्रमाण फुटाला ४ मिलिमीटर. खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर ते १८.८३ यायला हवं. पण रूळ १६.५चा! इंग्लंडमधली इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा चणीनं लहान, त्यांच्यात त्या काळची मोटर मावेना, म्हणून अंग मोठं केलं आणि रूळ तेवढाच ठेवला. ही तडजोड पायातच आहे. ती तशीच राहू दे.

रंग. एरवी मूळ रंग थोडा जरी बरा असता, तरी मी तुला हात लावू दिला नसता. नुसता पुसून, मेणाचा हात देऊन ठेव म्हणालो असतो. पण रुपेरी रंगाखालचा हिरवा अर्ध्याहून जास्त गेलाय, म्हणून उतरवायला माझी परवानगी आहे. फक्त घरातल्या तांब्या-पितळेसारखं चिंच किंवा लिंबू लावून घासायला बसू नकोस. आंबटानं जस्त खाल्लं जातं. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट. अंग खालच्या भागापासून सुटं कर, अल्कोहोलमध्ये भिजव, जुन्या टूथब्रशनं हळू घास, साबणाच्या पाण्यानं धू आणि लगेच हेअर ड्रायरनं कोरडं कर. त्यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही. बोटाचं तेल लागलं तिथे रंग धरत नाही.

आणि आता तुझा मुख्य हट्ट: लाल रंग. तुला वाटलं मी नाही म्हणेन. नाही म्हणत नाही, पण एक अट आहे. सरकारी रेल्वेनं १९५८च्या सुमारास डचेसच्या वर्गातल्या काही इंजिनांना लाल रंग दिला, पण ती सगळी इंग्लंडकडची होती. माँट्रोझ ग्लासगोच्या पोलमडी शेडची, ती हिरवीच राहिली. म्हणजे लाल अंगावर ४६२३२ लिहिलंस, तर असं इंजिन कधीच धावलं नाही. मात्र १९३८ साली क्रूमधून बाहेर पडली तेव्हा ती लालच होती! एलएमएस कंपनीचा तो गडद किरमिजी, सोनेरी रेघांचा, आणि क्रमांक ६२३२. ६२३० ते ६२३४ ही पाच इंजिनं कंपनीचा अभियंता स्टॅनियर यानं वाऱ्याचं कवच न घालता उघड्या अंगाची बनवली होती, त्यातलं हे एक. तेव्हा धुराडं एकेरी होतं. दुहेरी धुराडं पुढच्या काही वर्षांत आलं, आणि धूर वर फेकणारे बाजूचे दोन पत्रे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडे.

आता तुझे फोटो पुन्हा बघ. धुराडं एकेरी. धुराचा डावा पत्रा मोडून गेलेला, उजवा वाकलेला. डब्लोनं हाच साचा आधी लाल रंगात ‘डचेस ऑफ ॲथॉल’ म्हणून विकला होता, त्यामुळे बाकीचं अंग १९३८च्याच घडणीचं आहे. वाकलेला पत्रा काढून टाकलास, की तुझ्या हातात आपोआप १९३८ची डचेस येते. हिरवी करायची, तर दोन पत्रे नवे, धुराडं दुहेरी आणि तोंडावर पोलमडीची ‘६६ए’ ही चकती, एवढं सगळं लागेल. लोक तपशील वाढवतात तेव्हा इथेच घसरतात. बाजारात मिळेल ते सगळं चिकटवतात, आणि इंजिनावर तीन वेगवेगळ्या दशकांचे भाग एकत्र नांदायला लागतात. आधी साल ठरव. मग काय लावायचं त्यापेक्षा काय लावायचं नाही, हे तुला लवकर कळेल.

लाल रंगाखाली करडा प्राइमर नको, रेड ऑक्साइड दे. त्यामुळे किरमिजीला आतून ऊब येते. नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात स्प्रेचा डबा मिळेल. ग्रिलचा ब्रशनं लावायचा नको, तो जाड बसून रिव्हेट बुजवतो. पातळ थर, मध्ये पुरतं वाळू देणं. अक्षरं आणि आकडे चिकटवायच्या आधी अंग चकचकीत हवं, नाहीतर कागदाखाली हवा अडकून पांढुरकं दिसतं. रेघांसाठी ड्रॉइंगचं जुनं रूलिंग पेन शोध. जुन्या बाजारातच मिळेल.

लावायच्या गोष्टी थोड्याच. समोर दिव्यांच्या खुंट्या: हातड्रिलनं अर्ध्या मिलिमीटरची भोकं, त्यात पितळी तार, आणि अरल्डाइट. डाग देऊ नकोस, माझाकला तो नीट धरत नाही आणि हा धातू साधारण ३८५ अंशालाच वितळतो. दिवे किती आणि कुठे, हेही मनाला येईल तसं नाही. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा म्हणजे एक्स्प्रेस, धुराड्याच्या पायथ्याशी एकच दिवा म्हणजे ठिकठिकाणी थांबणारी पॅसेंजर. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून ग्लासगोला जाणाऱ्या गाडीला दोन लागतील. टेंडरमध्ये खऱ्या दगडी कोळशाचा चुरा, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा चालणार नाही, त्याला ती काळी चकाकी नसते. खडा मी पाठवतो.

या वर्गाची ३८ इंजिनं बनली, त्यातली तीन वाचली. त्यांत माँट्रोझ नाही. ती भंगारात गेली. म्हणून तिचा १९३८चा लाल अवतार कोथरूडला तुझ्या टेबलावर नीट उभा राहावा, असं मला फार वाटतं.

तुझी मामी मार्चमध्ये पुण्याला येतेय. तिच्याबरोबर पितळी नावपट्ट्या, ६२३२चे आकडे, ब्रशची नवी जोडी, तीन रुळांचे काही तुकडे आणि तो कोळसा देतो. त्याआधी मला दोन गोष्टी कळव: ब्रशच्या बाजूनं मोटरचा जवळून एक फोटो, आणि मोडलेला पत्रा जिथे होता तिथे धातू तुटलाय की नुसतं भोक आहे. भोक असेल तर ते बुजवायला काय पाठवायचं, ते मला ठरवता येईल.

ताईला आणि भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा