खाणीवरची बाळं आणि आपलं आहारदान



कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट आठवतं, नाहीतर जव्हार-मोखाडा. १९९२ साली जव्हारजवळच्या वावर-वांगणीत बाळं दगावली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला होता. आपल्या सिंधुदुर्गात कसलं आलंय कुपोषण, असं मालवणात कुणीही म्हणेल. इथे नारळ आहे, पेज आहे, कुळीथ आहे, मुली शिकलेल्या आहेत. इथल्या घरांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण ज्या जांभ्या चिऱ्यांनी आपली घरं उभी राहतात, त्या चिरेखाणींवर एकदा जाऊन बघा.

दिवाळीनंतर कर्नाटकातून, विजापूरकडून कुटुंबंच्या कुटुंबं इथे येतात. निघतानाच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. नवरा-बायको दोघंही दगडावर. बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ते रडलं की ती पाच रुपयांचा पुडा फोडते, कारण तिला तेवढंच जमतं. आमच्या ओळखीच्या अंगणवाडीताई म्हणाल्या, "आवस म्हणता पोराक भूकच नाय. दिसभर बिस्कुटां खाल्ल्यार भूक कशी लागतली?"

आई आळशी किंवा अडाणी आहे म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला दुधासोबत वरचं मऊ अन्न लागतं. त्याचं पोट एवढंसं, म्हणून थोडंथोडं, दिवसातून चार-पाच वेळा. आपल्या घरात हे भरवायला सासू असते, जाऊ असते. खाणीवर कोण आहे? त्यात पाणी वाईट. जुलाब झाले की महिन्याभरात चढलेलं वजन चार दिवसांत उतरतं, आणि अशक्त बाळ पुन्हा लवकर आजारी पडतं. आई स्वतःच वीस वर्षांची, लग्न त्याआधीच झालेलं, अंगात रक्त कमी. बाळ जन्मतःच लहान, इथूनच सुरुवात. रेशनकार्ड आता दुसऱ्या राज्यातही चालतं म्हणतात, पण ते गावी सासऱ्याच्या ट्रंकेत असेल तर काय उपयोग?

अंगणवाडी योजना १९७५ पासून आहे. तीन वर्षांखालच्या बाळांना शिधा घरी मिळतो, मोठ्यांना तिथेच गरम जेवण. पण खाणीपासून अंगणवाडी लांब, आणि मजुरी बुडवून तिथे जाणार कोण? ताई दंडाला पट्टी लावून मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरलं की लाल. दोन वर्षांच्या मुलाच्या दंडावर ती लाल रेघ मी पाहिली, आणि त्या रात्री वाटीत तूप वाढताना हात जड झाला.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. एवढी सगळी काही जंगलात राहत नाहीत.

आता आपला नाजूक विषय. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. तेव्हा आपल्यातल्याच दोघी निवेदनावर सही मागायला आल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरात अंडं आलेलं नाही, येणारही नाही. पण मी सही केली नाही. ज्यांच्या घरी ते पूर्वापार खातात, त्यांच्या मुलाच्या ताटातून ते काढायचं, तर त्याऐवजी काय आणि कुणी वाढायचं हेही त्या कागदावर लिहिलेलं हवं होतं. ते नव्हतं. चार दानांत आहारदान आहे, आणि ते मुनिश्रींच्या चौक्यापुरतंच आहे असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

आम्ही पाच जणी या पर्युषणानंतर सत्त्व करायला लागलो. नाचणी, तांदूळ आणि मूगडाळ वेगवेगळी भाजून दळायची, शेंगदाण्याचं कूट शेवटी. ताई म्हणाल्या मोड आणलेत तर पचायला आणखी हलकं, पण आमच्याकडे मोडाचं चालत नाही, म्हणून नुसतं खमंग भाजतो. शिजवताना गूळ आणि चमचाभर तेल किंवा तूप घालायचंच. नुसती पातळ पेज पोट फुगवते, बळ देत नाही. पहिल्या खेपेला सत्त्व मोठ्यांनीच संपवलं, आणि त्यांनाही भूक होतीच की. आता खाणीवरच्याच एका वयस्क बाईला थोडे पैसे देतो. ती सकाळी दहाला आणि दुपारी तीनला सगळ्या लहानग्यांना एकत्र बसवून भरवते. सत्त्वापेक्षा याचाच उपयोग जास्त होतोय. लाल पट्टीचं बाळ मात्र ताईंनी आधी डॉक्टरांकडेच नेलं. तिथे घरचं सत्त्व पुरत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की खाणी बंद होतात आणि ही माणसं गावी जातात. वजनाचा तक्ता इथेच राहिला तर तिकडे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या वेळी प्रत्येक आईच्या पिशवीत तक्त्याची प्रत घालायची आहे, मागच्या बाजूला कन्नडमध्ये दोन ओळी लिहून. तुमच्यापैकी कुणाचं माहेर बेळगाव-निपाणीकडचं असेल आणि कन्नड लिहिता येत असेल, तर मे संपायच्या आत मला कळवा.